नव्वद दिवसांचा अर्धा पगार: अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा अनुभव आणि परीक्षण

राज्य कामगार विमा महामंडळाच्या, म्हणजे आपण ज्याला नुसते ईएसआय म्हणतो त्याच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेला मी पाचपैकी तीन गुण देतो. या योजनेतून मला स्वतःला पैसे मिळाले आणि ते पूर्ण मिळाले. माझ्याच शेडमध्ये काम केलेल्या आणि माझ्याइतकीच वर्षे वर्गणी भरलेल्या काही माणसांना मात्र तिच्यातून एक रुपयाही मिळाला नाही. दोन्ही गोष्टी नियमाला धरूनच घडल्या, आणि म्हणूनच हे परीक्षण थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी सोळा वर्षे काम केले. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक आणि दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायची ईएसआय आणि पीएफची वर्गणी हे माझे काम होते. ऑगस्ट २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीनंतर कारखान्याची एक पाळी कायमची बंद झाली आणि त्यात माझीही नोकरी गेली. म्हणजे या योजनेचा कागद मी आधी मालकाच्या बाजूने भरत होतो आणि नंतर कामगाराच्या बाजूने भरला. गेल्या काही वर्षांत ओळखीच्या लोकांचे अर्जही मीच भरून देत आलो आहे.

योजना १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ईएसआयचा विमा असलेल्या माणसाची नोकरी त्याच्या इच्छेविरुद्ध गेली, तर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, सरासरी रोजच्या कमाईचा काही हिस्सा त्याच्या बँक खात्यात जमा होतो. सुरुवातीला हा हिस्सा २५ टक्के होता, पैसे नोकरी गेल्यावर तीन महिन्यांनी मिळत होते आणि अर्ज शेवटच्या मालकामार्फत पाठवावा लागत होता. ज्याने कामावरून काढले त्याच्याच दारात जाऊन ‘यांनी मला काढले असे लिहून द्या’ अशी विनंती करायची, हे ज्यांनी ठरवले त्यांनी कारखान्याचे फाटक बाहेरून कधी पाहिले नसावे. ऑगस्ट २०२० मध्ये करोनाच्या संकटामुळे हे नियम बदलले. २४ मार्च २०२० नंतर नोकरी गेलेल्यांसाठी हिस्सा ५० टक्के झाला, तीन महिन्यांऐवजी ३० दिवसांनी मागणी करता येऊ लागली आणि अर्ज थेट शाखा कार्यालयाकडे करण्याची सोय झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रतिज्ञापत्राची अटही काढून टाकली, त्यामुळे मुद्रांक आणि नोटरी यांचा फेरा वाचला. माझा अर्ज त्यानंतरचा असल्याने मला हा सगळा बदल आयता मिळाला.

आता पैशांचे गणित पाहू. नोकरी जाण्यापूर्वीच्या चार वर्गणी-कालावधींतली, म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई घेऊन तिला ७३० ने भागतात आणि येणारा आकडा ही रोजची सरासरी धरतात. ज्याची सरासरी मासिक कमाई १८,२५० रुपये आहे त्याची दोन वर्षांची कमाई ४,३८,००० रुपये होते आणि रोजची सरासरी ६०० रुपये निघते. त्याच्या निम्म्या ३०० रुपयांप्रमाणे ९० दिवसांचे २७,००० रुपये झाले. याच माणसाच्या पगारातून सध्याच्या पाऊण टक्क्याच्या दराने महिन्याला १३७ रुपये कापले जातात आणि मालक सव्वातीन टक्क्यांप्रमाणे ५९४ रुपये भरतो. ही वर्गणी मुख्यतः दवाखाना, रुग्णालय, आजारपणाची भरपाई आणि अपघात यांसाठी असते हे लक्षात घेतले, तर २७,००० रुपये कमी आहेत असे मी म्हणणार नाही. भाडे, किराणा आणि मुलाची फी भागवून तीन महिने काढायला ते पुरत नाहीत हे खरे, पण मधल्या काळात गावाकडच्या भावापुढे हात पसरण्याची वेळ येत नाही, आणि ज्याच्यावर ती वेळ आली आहे त्याला हा फरक ठाऊक असतो.

याच गणितातली एक बारीक गोष्ट टाइम ऑफिसातल्या माणसाला लगेच दिसते. ओव्हरटाइमचा पैसा ईएसआयची २१,००० रुपयांची पगारमर्यादा ठरवताना धरत नाहीत, परंतु वर्गणी मात्र त्याच्यावरही कापली जाते आणि म्हणून तो कमाईत मोजला जातो. ओव्हरटाइम पगारपत्रकावर असेल तर रोजची सरासरी वाढते. तो पाकिटातून रोख हातात दिला गेला असेल, जसा आमच्या पट्ट्यातल्या अनेक लहान शेडमध्ये दिला जातो, तर तो पैसा योजनेच्या दृष्टीने कमावलेलाच नसतो. त्या वेळी कपात वाचली म्हणून खूश होणारे आमचे लोक नोकरी गेल्यावर सरासरी पाहून चकित होत.

पात्रतेसाठी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी लागते. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्षाचे दोन वर्गणी-कालावधी असतात. त्यांपैकी नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत ७८ दिवसांची आणि त्याआधीच्या तीनपैकी कोणत्याही एकात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कायम कामगाराला ही अट जाणवतही नाही. ठेकेदाराकडच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. सलग नोकरीचे २४० दिवस भरू नयेत म्हणून सात महिन्यांनी ‘ब्रेक’ द्यायचा आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच यंत्रावर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने परत घ्यायचे, ही पद्धत आमच्याकडे इतकी रुळलेली आहे की मुले स्वतःच ‘माझा ब्रेक कधी आहे’ असे विचारतात. एवढ्याने ७८ दिवसांची अट कदाचित मोडत नाही, पण नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक न विचारता नवाच काढतो आणि माणसाची दोन वर्षे तीन क्रमांकांत विभागली जातात. कोणत्याही एका क्रमांकावर दोन वर्षे भरत नाहीत. अशा वेळी आधार जोडून क्रमांक एक करून घेण्याची खटपट नोकरी असतानाच करायला हवी, आणि नोकरी असताना ती कोणी करत नाही.

तरीही माझ्या दृष्टीने योजनेचा खरा सांधा दिवसांत आणि पैशांत नसून एका क्रमांकात आहे. दर महिन्याला वर्गणीची जी फाइल मालक महामंडळाच्या संकेतस्थळावर चढवतो, तिच्यात प्रत्येक कामगारासमोर हजेरीचे दिवस आणि पगार असतो, आणि दिवस शून्य असतील तर कारणाचा क्रमांक लिहावा लागतो. एक म्हणजे रजेवर, दोन म्हणजे नोकरी सोडली, तीन म्हणजे निवृत्त, पाच म्हणजे मृत्यू, नऊ म्हणजे संप किंवा टाळेबंदी, दहा म्हणजे कामगार कपात, अकरा म्हणजे काम नाही. सोळा वर्षांत मी दहा हा क्रमांक किती वेळा लिहिला असेल, हे आठवायला मला एका हाताची बोटे पुरतात. काढलेला माणूस असो, कंटाळून गेलेला असो की ब्रेक दिलेला असो, माझे बोट सवयीने दोनवर जात असे. कोणी तसे करायला सांगितले नव्हते आणि त्यात काही चूक आहे असे वाटतही नव्हते, कारण दोन लिहिले की पुढे कोणी काही विचारत नाही. दहा लिहिले की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातली एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई, असे सगळे त्याच्या मागोमाग येत असे.

राजीनाम्याचेही तसेच. आमच्या कार्यालयातल्या संगणकात राजीनाम्याचा एक तयार नमुना होता. ‘घरगुती अडचणीमुळे मी माझ्या नोकरीचा स्वखुशीने राजीनामा देत आहे’ हे त्यातले वाक्य माझे आहे. हिशेब हवा असेल तर त्यावर सही करायची, असा व्यवहार होता, आणि ज्याला ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे आजच्या आज हवे असत तो सही करत असे. योजनेच्या अटी याच वाक्याला येऊन अडतात. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेल्याला, वयोमानाने निवृत्त झालेल्याला आणि स्वेच्छेने निवृत्ती घेतलेल्याला ही मदत मिळत नाही, कारण ती बेरोजगारी त्याच्यावर लादलेली नसते. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. पण ‘स्वखुशीने’ हा शब्द कोणाच्या कार्यालयात आणि कोणत्या अटीवर छापला गेला, हे अर्ज तपासणाऱ्याला कागदावरून कळण्याचा मार्ग नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी त्या नमुन्यावर सही करायला नकार दिला. शेठ माणूस वाईट नव्हता. कारखाना त्याच्याही गळ्याशी आला होता. मी त्याला म्हटले की शेठ, हिशेब आठ दिवस उशिरा द्या, पण पाळी बंद झाल्यामुळे काम उरले नाही असे लेटरहेडवर लिहून द्या. त्याने ते दिले. त्या एका कागदाच्या जोरावर माझा अर्ज सरळ गेला. ज्या बाकीच्यांनी आधीच्या दोन दिवसांत सह्या केल्या होत्या त्यांतल्या चौघांचे अर्जही मी भरून दिले. पडताळणीत मालकाकडून स्वखुशीने राजीनामा दिल्याची नोंद आणि सहीची प्रत पुढे आली, आणि नियम पाहता तिथे बोलण्यासारखे काही राहिले नाही. त्यांतला एक जण प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षे होता. ‘भाऊ, ते वाक्य तुम्हीच लिहिलं होतं ना,’ एवढेच तो म्हणाला.

अर्ज करण्याची प्रक्रिया सोपी आहे, हे मात्र मोकळेपणाने सांगायला हवे. संकेतस्थळावर विमा क्रमांकाने प्रवेश करून दावा भरायचा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडायची, आणि कागद चढवता आले नाहीत तर अर्जाची प्रत काढून सही करून शाखेत द्यायची. पुढच्या महिन्यांचे पैसे आगाऊ मागता येत नाहीत. जो काळ बेरोजगारीत गेला त्याचीच मागणी करता येते. नोकरी गेल्यापासून वर्षभराच्या आत दावा करावा लागतो, आणि गावी गेलेल्या कित्येकांची संधी याच अटीवर हुकते, कारण ही योजना आहे हेच त्यांना वर्षभराने कळते. मी ९० दिवस पूर्ण झाल्यावर एकदाच दावा केला होता. शिवाय मदतीच्या काळात कुटुंबाला ईएसआयच्या दवाखान्याची सोय सुरू राहते. पत्नीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्हाला त्या तीन महिन्यांत विकत घ्याव्या लागल्या नाहीत, आणि सत्तावीस-अठ्ठावीस हजारांच्या हिशेबात ही बाब कोणी धरत नाही.

ज्यांच्या कागदावर ‘कपात’ हा शब्द खरोखर लिहिला जातो त्यांच्यासाठी महामंडळाकडे याहून कितीतरी चांगली योजना आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून सुरू आहे. कारखाना बंद पडणे, कामगार कपात होणे किंवा कामाबाहेरच्या अपघाताने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येणे, या कारणांनी नोकरी गेली तर तिच्यातून बेरोजगार भत्ता मिळतो. सुरुवातीला तो सहा महिन्यांचा होता आणि त्यासाठी पाच वर्षांची विमापात्र नोकरी लागत असे. आता पहिले बारा महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के भत्ता मिळतो, नोकरीची अट दोन वर्षांची आहे, आणि वैद्यकीय सोय आणि नवे कौशल्य शिकण्याचे शुल्कही तिच्यात येते. वर घेतलेल्या ६०० रुपये रोजच्या माणसाचा साधारण हिशेब केला तर पहिल्या वर्षाचे १,०९,५०० आणि दुसऱ्या वर्षाचे ५४,७५० मिळून १,६४,२५० रुपये होतात. एकाच माणसाची नोकरी एकाच दिवशी एकाच कारणाने गेली, तर कागदावर दहा असताना त्याच्या वाट्याला दीड लाखाहून अधिक, नुसते ‘काम नाही’ असे पत्र असताना २७,००० आणि दोन असताना शून्य, अशी ही उतरंड आहे. कपात म्हणजे काय याची कायद्यातली व्याख्याही अशी की मुदतीचा करार संपून नूतनीकरण झाले नाही तर ती कपात धरत नाहीत. म्हणजे आज नव्याने लागणारा बहुतेक तरुण कामगार या मोठ्या योजनेच्या दारापर्यंतही पोहोचत नाही.

मुंबईच्या लोकांना हे काही नवे नाही. महामंडळाचे महाराष्ट्राचे मुख्य कार्यालय लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या गिरणगावाच्या मधोमध आहे. १९८६ साली केंद्र सरकारने बंद पडलेल्या कापड गिरण्यांतल्या कामगारांसाठी पुनर्वसन निधीची योजना आणली होती आणि तिच्यात पहिल्या वर्षी पगाराच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत होती. दर आजच्या कोणत्याही योजनेपेक्षा उदार होते, पण गिरणी कागदोपत्री कायमची बंद झालेली असावी लागे. १९८२ च्या संपानंतर ज्यांना परत कामावर घेतलेच नाही त्यांच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते, म्हणून त्यांच्यासाठी त्या योजनेत जागा नव्हती. ही योजना २०१७ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. नाव बदलले तरी नोकरी कशी गेली हे मालकाच्या कागदावरून ठरवण्याची रीत तीच राहिली.

याउलट आपल्याच राज्याने केलेल्या रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्यात काम मागणाऱ्या शेतमजुराला ‘आधीचे काम का गेले’ असे विचारलेले नाही. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर दिवसाला एक रुपया भत्ता द्यावा, एवढेच त्यात होते. रुपया अगदीच किरकोळ, पण बेरोजगारी सिद्ध करण्याचे ओझे मजुरावर नव्हते, सरकारवर होते. शहरातल्या विमाधारक कामगाराला, दर महिन्याला स्वतःच्या खिशातून वर्गणी भरूनही, इतका भरवसा मिळालेला नाही.

तीनच गुण मी का दिले, याचे उत्तर यात आले आहे. रक्कम वेळेवर मिळते, दलाल लागत नाही आणि २०२० नंतर अर्जाची वाट मालकाच्या दारावरून जात नाही, म्हणून तीन. आयुष्यात एकदाच मिळणारी मदत आहे, म्हणून एक गुण कमी. पंचेचाळिशीत नोकरी गमावलेल्या माणसाची नोकरी पन्नाशीत पुन्हा जाणार नाही, अशी हमी आमच्या पट्ट्यात कोणी देत नाही. दुसरा गुण कापला तो राजीनाम्यासाठी. सही करून घेतलेल्या राजीनाम्याची स्वतंत्र चौकशी झाली, निदान त्याच महिन्यात त्याच आस्थापनेतून वीस जणांनी ‘घरगुती अडचणीमुळे’ नोकरी सोडली हे संकेतस्थळालाच दिसले पाहिजे, एवढी जरी सोय झाली तरी तो गुण मी परत देईन.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आली आहे. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा पगार त्या निधीत भरायचा आणि ४५ दिवसांत तो कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. हे समजल्यावर ओळखीच्या दोन-तीन टाइम ऑफिसवाल्यांना मी फोन केला. दहा क्रमांकामागे मालकाचा खर्च आणखी पंधरा दिवसांनी वाढला, म्हणजे आता दोन अधिकच लिहिले जातील, असे त्यांतल्या एकाने हसत सांगितले.

तेव्हा ज्यांची नोकरी अजून शाबूत आहे त्यांनी उमंग ॲपवर आपला विमा क्रमांक घालून चालू सहामाहीत किती दिवसांची वर्गणी भरली गेली आहे ते आजच पाहावे, आणि पूर्वीच्या ठेकेदारांकडचे क्रमांक असतील तर ते एकत्र करून घ्यावेत. ज्यांना फाटकावर बोलावून कागद पुढे केला जाईल त्यांनी हिशेबाची घाई करू नये. तारीख, शेवटचा कामाचा दिवस आणि ‘काम उपलब्ध नसल्यामुळे आपली सेवा आजपासून संपुष्टात आणण्यात येत आहे’ एवढे एक वाक्य लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावे. आमच्या भागातल्या झेरॉक्सच्या दुकानात या वाक्याचा नमुना मी ठेवला आहे आणि तो कोणालाही मोफत मिळतो.